शाळेतील यंत्र आणि शिक्षकाचा अधिकार

गिरणगावाला यंत्र नवे नाही. घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, परळ या वस्त्या यंत्राभोवतीच वाढल्या. भोंग्याच्या तालावर जगणाऱ्या येथील माणसाने यंत्राचे भय कधी बाळगले नाही. त्याचा झगडा होता तो यंत्र कोणाच्या हुकमाने चालावे, यासाठी. १९२८ साली मुंबईचे गिरणी कामगार सहा महिने संपावर राहिले. त्या संपामागील अनेक प्रश्नांपैकी एक असा होता की, दोन माग चालवणाऱ्या विणकराने यापुढे तीन माग सांभाळावेत, हे ठरवायचे कोणी? मालकांनी त्या योजनेला कार्यक्षमता असे गोंडस नाव दिले होते. मागावर उभ्या असलेल्या माणसाला विचारण्याची गरज मात्र त्यांना वाटली नव्हती.

तोच प्रश्न आज त्याच वस्तीत निराळ्या रूपाने उभा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. घोडपदेवात न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी इमारती उठल्या. यंत्र साचेखात्यातून गेले आणि शाळेच्या वर्गात आले. आणि कार्यक्षमतेचा जयघोष चालू असताना ज्याला कोणी काही विचारत नाही, असा माणूस आता शिक्षक आहे.

मुंबई महापालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब वाटले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा उद्देश सांगितला गेला. त्या उद्देशाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सधन घरातील मुलाला जे साधन मिळते, ते हमालाच्या आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलालाही मिळावे, ही इच्छा समाजवाद्याला परकी असू शकत नाही. प्रश्न उद्देशाचा नाही, रीतीचा आहे. पाठ आधीच ठरलेले, यंत्रात भरून आलेले. २०१८ साली आठवीचा अभ्यासक्रम बदलला आणि यंत्रातील जुने पाठ निरुपयोगी ठरले. पुस्तक जुने झाले तर शिक्षक फळ्यावर नवा धडा लिहू शकतो. बंद डबीत भरून आलेल्या धड्यात त्याला एक ओळही बदलता येत नाही. अशा योजनेत शिक्षकाच्या वाट्याला उरते ते कोठीवाल्याचे काम: किती आले, किती चालू आहेत, किती फुटले, याची नोंद ठेवणे.

फळा दीडशे वर्षांहून अधिक काळ वर्गात टिकला, याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. फळा शिक्षकाचे ऐकतो. लिहिलेले पुसता येते, मुलाच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून तेच पुन्हा निराळ्या तऱ्हेने मांडता येते, मुलाला पुढे बोलावून त्याच्याच हाती खडू देता येतो. शिवाय तो बिघडत नाही आणि त्याला वीज लागत नाही. याउलट अमेरिकेत एडिसनने १९१३ साली भाकीत केले होते की, चलच्चित्रामुळे शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील. तसे झाले नाही. चित्रपटामागून नभोवाणी आली, तिच्यामागून दूरचित्रवाणी आली. प्रत्येक वेळी गाजावाजा झाला, प्रत्येक वेळी यंत्र वर्गाच्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि प्रत्येक वेळी दोष शिक्षकाच्या माथी मारला गेला. पेरूच्या सरकारने लाखो मुलांना लॅपटॉप दिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणितात किंवा भाषेत त्या मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही.

तरीही शिक्षक नव्याला विरोध करतो, हा आरोप महाराष्ट्राच्या इतिहासात टिकत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे खडे, शिंपले, बिया, पाने यांतून शैक्षणिक साधने घडवली; अंगणवाडी ही कल्पना त्या प्रयोगांतून पुढे आली. अलीकडच्या काळात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली. ती युक्ती पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी उचलली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली, ही गोष्ट समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिंपला असो की कोड, दोन्हींचा उगम वर्गात होता. शिकवताना जी अडचण आली, तिच्यातून साधन निघाले.

हे काही थोर व्यक्तींपुरतेच शक्य आहे, असे कोणी म्हणेल. त्याला केरळने उत्तर दिले आहे. तेथे २००१ साली आयटी ॲट स्कूल ही योजना सुरू झाली. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले गेले आणि त्यांनी सहकाऱ्यांना शिकवले. शिक्षक संघटनांनी एका बलाढ्य कंपनीच्या आज्ञावलीला हरकत घेऊन मुक्त आज्ञावलीचा आग्रह धरला आणि सरकारला तो मानावा लागला. परवान्यापोटी जाणारा पैसा वाचला आणि मल्याळममध्ये हवे तसे बदल करण्याची मोकळीक मिळाली. पुढे ४५,००० वर्ग सुसज्ज झाले, तेव्हा ती साधने वापरणारे हात आधीच तयार होते. आधी शिक्षक, मग यंत्र, हा तो क्रम. मुंबईत क्रम उलटा लागला.

त्याची किंमत कोणी मोजली, हे टाळेबंदीने दाखवून दिले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग पुन्हा भरले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील केवळ १०.७ टक्के घरांत संगणक होता आणि २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. चाळीच्या एका खोलीत फोन एक, तोही वडिलांबरोबर सकाळीच कामावर जाणारा, आणि शिकणारी भावंडे तीन, अशा घरात शाळा पोहोचणार कशी? जेथे ती पोहोचली, तेथे बहुधा शिक्षकाने स्वतःच्या पैशाने आणि पायांनी पोहोचवली.

या काळात शिक्षकाच्या हातात एक यंत्र मात्र पक्के बसले: त्याचा स्वतःचा फोन. तो शिकवण्याचे साधन होण्याऐवजी मुकादम झाला. सरल प्रणालीत माहिती भरा, यूडायसमध्ये भरा, पोषण आहाराचे ताट मोजून कळवा, छायाचित्र पाठवा. २०२३ च्या अखेरीस रोजची हजेरी चॅटबॉटवर नोंदवण्याचे फर्मान निघाले. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपण्यास मनाई करते. माहिती भरणे हे कागदोपत्री शिक्षणाचेच काम ठरते आणि कायद्याच्या कचाट्यातून सुटते. पण पडद्यावर आकडे भरण्यात गेलेली घटका मुलाच्या वाचनातून वजा होते, हे कोणत्याही परिपत्रकाने बदलत नाही.

शिक्षक संघटनांनाही येथे आत्मपरीक्षण टाळता येणार नाही. वेतन, बदल्या, जुनी पेन्शन यांसाठी लढणे योग्यच आहे; ऑनलाइन कामावरील बहिष्कारही समजण्यासारखा आहे. परंतु वर्गात कोणते साधन यावे, याविषयी संघटनेचे स्वतःचे म्हणणे नसेल, तर ती जागा ठेकेदार भरून काढतो. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा अशी मागणी केली. त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा आणि त्याने काय शिकवावे, हेही सांगितले. भाकरीचा प्रश्न आणि वर्गाचा प्रश्न त्यांनी वेगळे केले नाहीत.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी शिक्षकांच्या समितीने ते काही शाळांत वापरून पाहावे आणि नाकारण्याचा अधिकार तिला असावा. खरेदीच्या रकमेबरोबरच दुरुस्तीची आणि विजेची तरतूद व्हावी. पाठ मराठीत असावेत आणि शिक्षकाला ते बदलता यावेत. प्रशिक्षण कामाच्या वेळेत, भरपगारी व्हावे. माहिती भरण्यासाठी शाळेत लेखनिक नेमावा.

हे आपोआप घडणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे ठरवले आहे. घोडपदेवच्या महापालिका शाळेत मुले पाठवणारे पालक हे बहुतेक करून गिरणी कामगारांची, हमालांची, फेरीवाल्यांची पुढची पिढी आहे. त्या समितीची बैठक होते का, तिच्यापुढे यंत्रखरेदीचा विषय येतो का, हे विचारण्यासाठी सत्ता हाती असण्याची गरज नाही. कार्यकर्त्याने पालकाला घेऊन शाळेची पायरी चढणे पुरेसे आहे. तिसरा माग कोणी लादायचा, हा प्रश्न ज्यांच्या आजोबांनी विचारला, त्यांच्या नातवंडांच्या वर्गात तो पुन्हा विचारला गेला पाहिजे.