जरा आवाज कमी करता का?

स्पीकर दाखवताना विक्रेता सर्वांत आधी आवाज वाढवतो. शोकेसच्या काचा थरथरतात, छातीत धडधड होते, आणि सोबत आलेले मेहुणे म्हणतात, ‘वा, काय बेस आहे!’ पावती तिथंच फाटते. मला अशा वेळी विक्रेत्याला एवढंच सांगावंसं वाटतं की अहो, जरा कमी करा. घरी मी ज्या आवाजात ऐकणार, त्याच आवाजात हा स्पीकर मला इथं ऐकू द्या.

हा हट्ट विक्षिप्तपणाचा नाही. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असला की आपल्या कानाला खर्जातले स्वर फार कमी ऐकू येतात. आवाज वाढला की तेच स्वर भरून येतात. त्यामुळे कुठलाही स्पीकर मोठ्यानं वाजवला की भरदार वाटतो. दोन संच शेजारी ठेवून ऐकताना एखादा किंचित मोठा लागला, तर ‘हा मोठा वाजतोय’ असं आपल्याला वाटत नाही, ‘हा चांगला वाजतोय’ असं वाटतं. आणि घरी? भिंतीपलीकडे शेजारी, आतल्या खोलीत कुणाची तरी दहावी. निवड मोठ्या आवाजात आणि ऐकणं लहान आवाजात, इथंच पैसे वाया जातात.

मग येतो वॅटचा प्रश्न. घरातल्या पंख्याइतकीही वीज न खाणाऱ्या डब्यांवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे स्टिकर लावलेले आपण पाहिले आहेत. त्या आकड्याला काही अर्थ नाही. पाहायचाच तर आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या वॅटचा आकडा, पाहावा, आणि त्याहून कामाची म्हणजे सेन्सिटिव्हिटी: एका वॅटवर, एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो. घरगुती स्पीकर बहुधा ८५ डेसिबलच्या आसपास असतात. आपलं साधं बोलणं असतं ६० डेसिबलच्या सुमारास. म्हणजे दिवाणखान्यात आपण बहुतेक वेळ एका वॅटच्याही आत ऐकत असतो. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. वीसऐवजी चाळीस वॅटसाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी हे आठवावं.

किमतीचं आणि आकाराचं दडपण तर आणखी फसवं. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हर्मन कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांची पसंती तपासली. १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत केलेल्या प्रयोगात एक लहान, स्वस्त संचही होता. पडद्याआड तो मोठ्या संचांच्या बरोबरीनं टिकला. पडदा बाजूला झाल्यावर त्याचे गुण घसरले. आणि हे श्रोते त्याच कंपनीतले, या व्यवसायातले होते. आपली काय कथा!

म्हणून दुकानात डोळे मिटावेत आणि ओळखीचं काहीतरी लावावं. विक्रेत्याचा डेमो ट्रॅक नको, तो स्पीकरची उणीव झाकण्यासाठीच निवडलेला असतो. माझ्या फोनमध्ये यासाठी एक अभंग ठेवलेला असतो. चांगल्या ध्वनिमुद्रणातल्या अभंगात सगळी परीक्षा होते. पखवाजाचा घुमारा सूर म्हणून ऐकू येतो की नुसती धपधप? टाळ लखलखतात की कानाला टोचतात? पेटी गायकावर चढते का? आणि मुख्य म्हणजे गाणारा माणूस वाटतो, की नाकात बोलणारा डबा? माणसाचा आवाज आपण जन्मभर ऐकत आलो आहोत, त्यातली खोट कानाला लगेच कळते. १९७० च्या दशकात बीबीसीनं बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. खर्जात तो फार खोल जात नसे, पण बोलणाऱ्याचा आवाज खरा लागे. आजही शौकीन तो जपून ठेवतात.

बजेट बेताचं असेल तर एका मोठ्या डब्यापेक्षा दोन लहान बुकशेल्फ स्पीकर घ्या, आणि तेही आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले. एडिफायर आर१२८०टी हे या वर्गातलं नेहमीचं उदाहरण: चार इंची वूफर, दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस. वर सांगितलेल्या हिशेबानं मध्यम खोलीला ते पुरून उरतात. जुने घेत असाल तर वूफरच्या कडेचा फोम बोटानं दाबून पाहा. आपल्या दमट हवेत तो भुरभुरतो. रबरी कड अधिक टिकते.

घरी आणल्यावर मात्र एक शोकेसवर आणि दुसरा फ्रिजवर, असा संसार नको. दोन्ही कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर व तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हावा. कोपऱ्यात सरकवले तर खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात, म्हणून भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा. फरशीवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा असेल तर खोलीचा खणखणाट कमी होतो, आणि त्याला फारसा खर्चही नाही. शेवटी एखादं जुनं मोनो गाणं लावा. गायिका दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध उभी राहिली की मांडणी जमली. ती एका बाजूला झुकत असेल तर खुर्ची सरकवा, स्पीकर बदलू नका.

हे सगळं करायला दुकानात कुणी वेळ देत नाही, हे खरं. म्हणून खरेदीपूर्वी किमतीत घासाघीस करण्याऐवजी परत करण्याची मुदत पक्की विचारून घ्या. मग रोज रात्री, जेवणं झाल्यावर, घरच्या नेहमीच्या आवाजात ऐका. रिमोटकडे हात न जाता शब्द कळत असतील तर संच ठेवा. दर गाण्याला आवाज वाढवावासा वाटत असेल तर तो परत करा. आणि तोवर खोकं रद्दीवाल्याला देऊ नका.