समुद्र नंतर, आधी सडा!

"तू कोकणातला? मग काय मजा आहे राव तुझी, रोज बीचवर!" फर्स्ट इयरला होस्टेलवर ट्रंक टाकली त्या दिवसापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसती मान डोलावतो. खरं म्हणजे राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरापासून समुद्र चौदा किलोमीटरवर आहे. मे महिन्यात मुंबईचे पाहुणे आले आणि त्यांनी हट्टच धरला, तरच आम्ही तिकडे फिरकतो.

दर डिसेंबरला ओरल्स संपल्या की आपल्या होस्टेलमधून एक तरी गाडी कोकणात उतरते. प्लॅन ठरलेला. गणपतीपुळ्याला दर्शन, मांडवीला सूर्यास्त, एक सुरमई थाळी, थिबा पॅलेससमोर दहा मिनिटं, चारशे फोटो आणि परत. रविवारी रात्री मेसमध्ये जाहीर होतं, "कोकण झालं!" माझं भांडण या 'झालं' शब्दाशी आहे. एखादा सब्जेक्ट सुटल्यासारखं कोकण सुटत नसतं मित्रांनो.

थिबा पॅलेसचंच घ्या. दहा मिनिटांत तुम्ही बघता ती एक लाल इमारत. पण ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतलं आणि १८८६ पासून त्याला रत्नागिरीत नजरकैदेत ठेवलं. हा राजवाडा त्याला मिळाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. आता गंमत बघा. त्याच काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत! हे ठाऊक असलं की त्या व्हरांड्यात उभं राहताना वेगळंच वाटतं. राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते. तिथे अर्धा तास नुसतं बसावं, फोन खिशात ठेवून.

खाडीवरून आठवलं, दाभोळ–धोपावेची जंगलजेट्टी २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून गुहागर-दापोली प्रवासाचा वळसा वाचला. आता खाड्यांवर पूल होताहेत. व्हायलाच हवेत, पेशंट घेऊन जाणाऱ्याला फेरीची वाट बघायला लावणं काही रोमँटिक नसतं. पण आहे तोवर एकदा गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहा. एसटी, मोटरसायकली, माशांचा टेंपो आणि नवरा-नवरीची गाडी एकाच तराफ्यावर, हे दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

आता समुद्राबद्दल एकच गोष्ट, आणि ती गंभीर आहे. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं आमच्याकडे बुडतात. पेपरात बातमी येते तेव्हा गावातली माणसं एवढंच विचारतात, "ओहोटीला गेली होती काय?" आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांचा एक फॉर्म्युला आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. साधारण सहाला पूर्ण भरती, मग साधारण बारापर्यंत पाणी ओढत जाणार. इकडे-तिकडे अर्धा-पाऊण तास धरा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. एम-थ्री पास होणाऱ्यांना एवढा गुणाकार जमायला हरकत नाही. आणि एखादा खारवी किंवा किनाऱ्यावरचा नारळवाला "जाऊ नको रे" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. पावसाळ्यात तर गुडघ्याच्या वर पाणी नकोच. लाट मारत नाही, परतणारं पाणी नेतं.

पण मला खरं सांगायचंय ते सड्याबद्दल. घाटावरच्या मंडळींना हा शब्दच माहीत नसतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. आमची गावं असतात खाली उतारावर, वहाळाच्या काठाने. घरं, आगर, भातशेती सगळं खाली. वर चढून गेलं की एकदम मोकळा, सपाट, काळपट तांबडा कातळ. झाड नाही, घर नाही. एसटीच्या खिडकीतून बघणारा म्हणतो, "शी, काय ओसाड आहे!" आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतो.

जूनमध्ये पहिले पाऊस पडले की याच कातळाच्या फटींतून दिपकाडी येते. पांढरी, सरळ दांड्याची, नाजूक. हे फूल कोकणातल्या या सड्यांवरच वाढतं आणि काही आठवड्यांत संपतं. श्रावणात कातळावरच्या खळग्यांत पाणी साठतं, कडेने सीतेची आसवं फुलतात. निळी-जांभळी, एवढुशी. यांना पोषण कमी म्हणून ती बारीक जीव पकडून खातात, हे मला बारावीच्या बायोलॉजीत कळलं. घराच्या वर दहा मिनिटांवर असूनसुद्धा! कास पठार बघायला तिकीट काढून जाणाऱ्या जनतेला माझी नम्र विनंती आहे, भाद्रपदात आमच्याकडे या. गणपतीचे मोदकही मिळतील.

आणि याच कातळावर कातळशिल्पं आहेत. कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलाय, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये मावणार नाही. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, मासे कोरलेत. बारसूला मधोमध एक माणूस आहे आणि दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी. देवाचे गोठणेला चित्राजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीच दिशा दाखवते. (ईएनटीसीवाल्यांनी जरूर जावं.) ही चित्रं किती जुनी यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण काही जण बारा हजार वर्षांपर्यंत मागे जातात. कोणी काढली, का काढली, ठाऊक नाही. जमिनीवर आडवा अठरा मीटरचा हत्ती काढायचा, वरून बघायला उंची नाही, ड्रोन नाही, तरी प्रपोर्शन बिघडत नाही. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आपला ट्रॅव्हर्स क्लोज होत नाही ते आठवा!

गुराख्यांना ही चित्रं माहीत होती, पांडवांनी काढली म्हणून सांगायचे. पण त्यांची नीट नोंद झाली ती रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सोबत्यांनी सडेच्या सडे पायी तुडवले, गावोगाव विचारत फिरले, म्हणून. २०२२ मध्ये कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यातली सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत.

आणि कागदावर हा सडा काय आहे? सातबारा काढून बघा. बऱ्याचदा 'पोटखराब' लिहिलेलं असतं. म्हणजे लागवडीला अयोग्य. त्या एका शब्दापासून पुढचं सगळं सुरू होतं. खराबच आहे ना, मग चिरेखाण काढा. खराबच आहे ना, मग जेसीबीने फोडून, बाहेरची माती आणून कलमं लावा. खराबच आहे, तर मोठा प्रकल्प तिथेच आणा. २०१९ मध्ये नाणारची रिफायनरी रद्द झाली, मग बारसूचं नाव पुढे आलं, आणि एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रं आली तेव्हा गावातल्या बायाबापड्या उन्हात कातळावर आडव्या पडल्या. टीव्हीवर तुम्ही बघितलं असेल. होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये तेव्हा एक जण म्हणाला होता, "नुसता दगड तर आहे, एवढं काय?"

तो दगड नुसता नाही. जांभा सच्छिद्र असतो, सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. पाऊस त्यात मुरतो आणि खाली वाडीत झऱ्याला, विहिरीला येतो. सडा फोडला तर खालच्या विहिरीचं काय, हा प्रश्न कुठल्याही फीजिबिलिटी रिपोर्टच्या पहिल्या पानावर हवा.

दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. आमच्या वाडीत माझ्या वयाची मुलं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. बाकीचे सगळे मुंबईत, नालासोपारा नाहीतर दिवा. गणपतीला आणि शिमग्याला येतात, कुलूप उघडतात, पुन्हा लावतात. माझा स्वतःचा चुलतभाऊ म्हणतो, "चित्रं बघून पोट भरतं काय? कंपनी आली असती तर मी घरी असतो." त्याला उत्तर देणं सोपं नाही. मी एवढंच म्हणतो, कारखाना हवा की नको हा वाद खुशाल घाला, पण तो 'तिथे काहीच नाही' असं समजून घालू नका. हे मी या अंकात लिहितोय कारण उद्या टोटल स्टेशन खांद्यावर घेऊन अशा सड्यावर उतरणारे आपल्यातलेच असणार आहेत. रिपोर्टमध्ये 'बॅरन लँड' लिहिणारा हातही कदाचित आपल्याच बॅचचा असेल. त्याने तो सडा निदान एकदा पावसाळ्यात बघितलेला असावा.

सरांनाही सुचवतो: सिव्हिलचा सर्व्हे कॅम्प दरवर्षी त्याच त्या टेकडीवर नेण्याऐवजी एकदा राजापूरला न्या की! उक्षीला गावकऱ्यांनी आपला हत्ती स्वतः राखलाय, भोवती बांध घालून बघायला जागा केली आहे. कोकण रेल्वेचं उक्षी स्टेशनच आहे. गावाने ठरवलं तर काय होतं ते दाखवायला याहून चांगली साईट व्हिजिट मिळणार नाही.

जाणार असाल तर थोडं ऐका. फुलं हवी असतील तर श्रावण-भाद्रपदात, चित्रं हवी असतील तर दिवाळीनंतर गवत वाळलं की. कशेळीला जायला रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत सागरी महामार्गाने उतरा. वाटेत पूर्णगडचा छोटा किल्ला आहे, कशेळीत कनकादित्याचं देऊळ आहे. सूर्याची देवळं आपल्याकडे फार नाहीत, ते चुकवू नका. सड्यावर नेणारा माणूस गावातून घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा, पुण्यामुंबईचे लोक "थँक्यू काका" म्हणून निघून जातात. चित्रावर पाय देऊ नका. रेषा उठून दिसाव्या म्हणून खडू किंवा रांगोळी भरणारे महाभागही मी बघितले आहेत, ते करू नका. सकाळी आठ-साडेआठला पोहोचा. ऊन तिरपं असतं, रेषांमध्ये सावली पडते आणि हत्ती आपोआप वर येतो. बारा वाजता गेलात तर नुसता तापलेला कातळ दिसेल. आणि पाणी भरपूर न्या, सड्यावर सावली नाही.