वऱ्हाडातील अवटु-विकारांची मोजणी

अवटु ग्रंथीचा विकार म्हटला की गलगंडाने फुगलेला गळा डोळ्यांपुढे येतो. हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात, डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा गुण पडताळून पाहिला. पुढे १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तो फुगलेला गळा निदान दिसत तरी असे. आजचा ‘थायरॉइड’ बहुधा दिसत नाही आणि म्हणूनच तो मोजला जात नाही.

देशातील आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची पाहणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सुमारे ११ टक्के लोकांत या ग्रंथीचे कार्य मंदावलेले आढळले. स्त्रियांत हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास, तर पुरुषांत ५ टक्के होते. किनाऱ्यावरील शहरांपेक्षा आतल्या शहरांत ते अधिक होते. या आठांत मुंबई आणि गोवा होते. विदर्भातील एकही शहर नव्हते. तेव्हा अकोला-अमरावतीचा आकडा मुंबईवरून काढणे म्हणजे कोकणातल्या पावसावरून वऱ्हाडातल्या कपाशीचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी खारट, म्हणून येथे आयोडीनची उणीव नसावी, असा तर्कही कामाचा नाही. खारटपणा निराळा आणि आयोडीन निराळे. शिवाय मीठ पुरेसे असले तरी प्रश्न संपत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते, तेव्हाही हा विकार जडतो. उपर्युक्त पाहणीत सुमारे २२ टक्के व्यक्तींच्या रक्तात तशी प्रतिद्रव्ये सापडली होती.

थकवा, वाढते वजन, गळणारे केस, अनियमित पाळी या तक्रारी घरोघरच्या. ‘बाईमाणसाचे असेच चालायचे’ असे म्हणून त्या झटकल्या जातात. वास्तविक रक्ताच्या एका तपासणीने निदान होते आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावयाच्या एका स्वस्त गोळीने बहुतेकींचे जीवन सुरळीत होते.

अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु रुग्णालयाच्या नोंदवह्यांतून लोकसंख्येतील प्रमाण कळणार नाही. तेथे येतात ते आधीच आजारी असलेले. त्यासाठी बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूरकडील गावांत, निरोगी दिसणाऱ्यांचेही रक्त तपासावे लागेल. हे काम महाविद्यालयाने हाती घ्यावे आणि शासनाने त्याला पैसा द्यावा.

मात्र पाहणीचा अहवाल येईपर्यंत नवजात बालकांना थांबविता येणार नाही. देशात साधारण हजार-अकराशे जन्मांमागे एका बालकात ही ग्रंथी जन्मतःच निकामी वा दुर्बळ असते. पहिल्या काही आठवड्यांत औषध मिळाले तर ते मूल इतरांसारखे शिकते. न मिळाले तर बुद्धीची झालेली हानी पुढे भरून निघत नाही. गोव्यात २००८ मध्ये नवजातांच्या अशा तपासणीला आरंभ झाला होता. टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब घ्यावयाचे, तेही आई घरी जाण्यापूर्वी. अकोला व अमरावतीच्या स्त्री रुग्णालयांतील प्रत्येक प्रसूतीमागे एवढे झाले पाहिजे.