समजून घ्या : नवजात बाळाच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी ‘हाय’ आल्या, म्हणजे जंतुसंसर्ग झालाच का?

डिजिटल डेस्क, अक्कलकोट : समजा, बाळ एक दिवसाचे आहे. रक्ताचा रिपोर्ट वडिलांच्या व्हॉट्सअॅपवर येतो. पांढऱ्या पेशी १८,०००, पुढे ‘हाय’. घरात रडारड आणि लगेच सुमारे ४० किलोमीटरवरच्या सोलापूरला जायची धावपळ. उलटही घडू शकते. रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून दूध न पिणारे बाळ घरीच राहते. यातला दुसरा प्रकार जास्त धोकादायक आहे.

आकडा ‘हाय’ का दिसतो?
रिपोर्टवर अनेकदा मोठ्या माणसांची मर्यादा छापलेली असते : ४,००० ते ११,०००. पहिल्या दिवशी बाळाच्या पेशी ९,००० ते ३०,००० असू शकतात. जन्माच्या ताणानेही त्या वाढतात.

मग डॉक्टर काय पाहतात?
• पेशी ५,००० पेक्षा कमी : वाढण्यापेक्षा घटणे जास्त चिंतेचे. बाळाच्या अस्थिमज्जेतला साठा थोडा असतो, मोठ्या संसर्गात तो संपतो. मात्र आईला गरोदरपणात उच्च रक्तदाब असला, तरी काही पेशी कमी दिसतात.
• अपक्व पेशी : एकूण न्यूट्रोफिलमध्ये त्यांचे प्रमाण ०.२ पेक्षा जास्त असेल तर संशय वाढतो.
• प्लेटलेट दीड लाखाखाली : हे लक्षण बऱ्याचदा उशिरा दिसते.

जन्मल्याबरोबर घेतलेला नमुना फसवा ठरू शकतो. सहा ते बारा तासांनंतरचा जास्त उपयोगी, म्हणून तपासणी पुन्हा करतात. खात्री होते ती ब्लड कल्चरने, पण त्याला एक-दोन दिवस लागतात. तोवर बाळ आजारी दिसत असेल तर अँटिबायोटिक सुरू करतात. कल्चर निगेटिव्ह आले आणि बाळ ठणठणीत असेल तर ती थांबवताही येतात.

रिपोर्टशिवाय ओळखता येते का?
गडचिरोलीने ते दाखवून दिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या महिलांना केवळ लक्षणांवरून संसर्ग ओळखायला आणि उपचार करायला शिकवले. संसर्गावरील उपचारासह घरच्या घरी मिळालेल्या या काळजीमुळे तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११ पासून देशभर आशाताई बाळाला पाहायला घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका
• बाळ अंगावर पीत नाही, सुस्त पडून राहते
• श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाते
• अंग तापलेले किंवा गार
• झटके येतात
• बेंबी लाल, पू येतो

यातले एक जरी दिसले तरी आशाताईंना कळवा आणि १०८ किंवा १०२ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाची तपासणी, औषधे आणि वाहन मोफत आहे.

थोडक्यात, रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नका. रिपोर्ट डॉक्टर वाचतील, तुम्ही बाळाकडे पाहा.