अठरा सांगितले, बारालाच मागितलं! गावातलं घर विकताना पडून आलेल्या भावाला उत्तर काय द्यायचं?

विशेष विश्लेषण

बार्शी, माढा, करमाळा, सांगोला, मंगळवेढा. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्यात जा, गावठाणात कुलूप लागलेली घरं दिसतातच. पोरं पुण्याला कामाला गेली, तिकडंच स्थायिक झाली. म्हातारी माणसं एक तर त्यांच्यामागं गेली, नाहीतर देवाघरी गेली. मागं राहिलं माळवदाचं घर. दर पावसाळ्यात गळतं, दर वर्षी घरपट्टी येते. मग एके दिवशी दिवाळीला सगळे भाऊ जमतात आणि ठरतं, "विकून टाकू."

इथपर्यंत सोपं असतं. खरी अडचण पहिलं गिऱ्हाईक आल्यावर सुरू होते.

समजा, दीड गुंठ्यावरचं घर आहे. पुढं स्लॅबच्या दोन खोल्या, मागं माळवद. घरच्यांनी १८ लाख सांगितले. गिऱ्हाईक आलं, फिरून बघितलं, चहा घेतला आणि १२ लाखाला मागून गेलं. थोरला भडकला, "आमच्या बापाचं घर काय रस्त्यावर पडलंय का?" धाकट्याला पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते भरायचेत, तो म्हणतो, "आलेलं गिऱ्हाईक घालवू नका." आई गप्प. तिला घर विकायचंच नाही.

अशा वेळी रागानं सौदा मोडला तरी नुकसान, आणि घाईनं होकार दिला तरी नुकसान. म्हणून जरा थंड डोक्यानं हिशेब बघू.

कमी मागणी म्हणजे अपमान नव्हे

आपल्याकडं विकणारा भाव 'सांगतो' आणि घेणारा 'मागतो'. बैलबाजारात जी रीत, तीच घराची. पहिला आकडा शेवटचा नसतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. त्यामुळं १२ ची मागणी आली म्हणजे घराची किंमत १२ झाली, असं नाही. पण मधल्या सहा लाखांची वजाबाकी त्यानं कशापायी केली, हे मात्र समजून घ्यायला हवं.

भाव पाडायची कारणं साधारण तीनच असतात. एक, घरात खोट: माळवद गळतंय, भिंतीला तडा आहे, गाडी जायला रस्ता नाही. दोन, कागदात खोट: उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे, बहिणींच्या सह्या नाहीत, सोसायटीचा बोजा आहे. तीन, विकणाऱ्याची गड: दवाखान्याचा खर्च, लग्न, सावकार. पहिल्या दोन कारणांवर इलाज आहे. तिसऱ्यावर एकच इलाज, ती गड गावभर सांगत फिरू नये.

म्हणून १२ ऐकल्यावर पहिलं उत्तर रागाचं नको. एक साधा प्रश्न विचारा: "पाहुणं, हा आकडा काढला कसा?" त्याला सांगावं लागतं. "माळवद पाडून स्लॅब टाकायला पाच लाख जातील" असं तो म्हणाला, तर गावातल्या मिस्त्रीकडून अंदाजपत्रक लिहून घ्या. ते तीन लाखांचं निघालं, तर पुढची बोलणी तीनवर होतील, पाचवर नाही. आणि त्याला काहीच सांगता आलं नाही, तर तो फक्त खडा टाकून बघत होता, हे तुम्हाला कळलं.

पारावरचा भाव आणि खरा भाव

आपल्याकडं भाव पारावर ठरतो. "रस्त्याकडंचा प्लॉट एवढ्याला गेला" हे ऐकून आपण गावठाणातल्या बोळातल्या घराला तोच भाव लावतो. पालखी मार्ग चारपदरी झाला, रत्नागिरी-नागपूर महामार्ग सांगोला-मंगळवेढ्यावरून गेला, तसे कडेच्या जागांचे भाव बदलले हे खरं. पण आतल्या घराचं गिऱ्हाईक वेगळं. त्याला धाबा टाकायचा नसतो, राहायचं असतं.

खरा भाव बघायला मोबाईल पुरतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी मोफत मिळतात. पहिली म्हणजे रेडी रेकनर, म्हणजे सरकारी मूल्यदर तक्ता. १ एप्रिल २०२५ पासून हे दर वाढले. ग्रामीण भागात सरासरी वाढ ३.३६ टक्के होती, तर सोलापूर महापालिका हद्दीत १०.१७ टक्के. म्हणजे शहराची वाढ गावाला जशीच्या तशी लागू होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ई-सर्च. गावाचं नाव आणि मिळकत क्रमांक टाकला की झालेल्या खरेदीची सूची क्रमांक दोन दिसते आणि त्यात किंमत लिहिलेली असते. कागदावरची किंमत काही वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवलेली असते, हे लक्षात ठेवून ती वाचा. तरी आपल्या आळीतल्या दोन-तीन खरेद्या बघितल्या की आपले १८ जमिनीवर आहेत की हवेत, ते समजतं.

कागद पुरा, तर भाव पुरा

गावात घराचा कागद म्हटलं की लोक ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८ चा उतारा काढतात. पण ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. फक्त नमुना ८ वर गृहकर्ज द्यायला बँका का-कू करतात. मग गिऱ्हाईक कोण उरतं? ज्याच्याकडं सगळे पैसे तयार आहेत तो. असे लोक गावात मोजकेच, आणि पैसा हातात असलेला माणूस पाडूनच मागणार.

इथं मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, कामाला येतं. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली. १८ जानेवारी २०२५ ला देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त कार्डांचं वाटप झालं, त्यात महाराष्ट्रही होता. तुमच्या गावाचं कार्ड झालं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून काढून घ्या. त्यावरचं नाव आणि क्षेत्र तपासा. कार्ड असलं की कर्ज काढून घेणारं गिऱ्हाईकही येऊ शकतं. एकाच्या जागी तिघं आले की भाव आपोआप सरळ होतो.

दुसरा विषय बहिणींचा. ९ सप्टेंबर २००५ च्या कायदा दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील त्या तारखेआधी वारले असले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तरी अजून "बहिणी काय, सही देतील" असं म्हणून सौदा आधी होतो आणि बहिणीला फोन नंतर जातो. गिऱ्हाईकाला हे कळलं की तो लाख-दोन लाख तिथंच तोडतो, आणि त्याचं चूकही नाही; उद्याची कोर्टकचेरी त्याच्या गळ्यात येणार असते. म्हणून भाव सांगायच्या आधी बहिणीला घरी बोलवा. तिचा वाटा ठरवा, आणि तोही लिहून.

थांबायला पण पैसे लागतात

"थांबू की, मिळेल भाव." हे वाक्य खरंही असतं आणि महागही.

समजा घरावर सावकाराचे पाच लाख आहेत, महिना ३ टक्क्यांनी. महिन्याचं व्याज १५ हजार, सहा महिन्यांचं ९० हजार. म्हणजे एक लाख जास्त मिळावेत म्हणून सहा महिने थांबलात, तर हातात राहिले दहा हजार. त्यातच एक पावसाळा गेला आणि माळवदाचा कोपरा खचला, तर तेही गेले.

जाता जाता आणखी एक. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही एवढं व्याज घेता येत नाही. शेतकऱ्याला विनातारण कर्जाला वर्षाला १२ टक्के आणि इतरांना १८ टक्के ही मर्यादा आहे. घर विकून सावकार भागवायचा असेल, तर आधी तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडं चौकशी करा. कदाचित तेवढ्या घाईत घर विकायची गरजच पडणार नाही.

आणि कर्ज नसेल, घर कोरडं असेल, घाई नसेल, तर थांबणं हीच तुमची ताकद आहे.

उत्तर द्यायची रीत

पहिलं, गिऱ्हाईक यायच्या आधी घरात बसून खालचा आकडा ठरवा. समजा १५. तो घरच्यांपलीकडं जाऊ देऊ नका, एजंटलाही सांगू नका. एजंटची दलाली सौदा झाला तरच मिळते. लाखभर इकडं-तिकडं झाल्यानं त्याच्या दलालीत दोन-चार हजारांचाच फरक पडतो.

दुसरं, बोलणारा एकच ठेवा. थोरला १७ म्हणतोय आणि धाकटा मागून "बघू की, करू काहीतरी" म्हणतोय, तर गिऱ्हाईक धाकट्यालाच फोन लावणार.

तिसरं, उतरायचं तर पायऱ्या लहान करत उतरा. १८ वरून सव्वासतरा, मग पावणेसतरा, मग साडेसोळा. पाऊण लाख, अर्धा लाख, पाव लाख. समोरच्याला कळतं की तळ जवळ आला. एकदम दोन लाख सोडले की त्याला वाटतं अजून दोन निघतील.

चौथं, "मधलं करू" या बोलीला भुलू नका. ऐकायला न्यायाचं वाटतं. १८ आणि १२ चा मध्य १५. पण तोच माणूस १४ नं सुरू झाला असता तर मध्य १६ आला असता. म्हणजे जो जास्त पाडून मागतो, त्याच्याच बाजूला मध्य सरकतो. मध्य काढायचाच असेल तर बोलणी पुढं सरकल्यावर, शेवटच्या दोन आकड्यांमधला काढा.

पाचवं, फुकट काही सोडू नका. "पन्नास हजार कमी करतो, पण खरेदी महिन्याच्या आत." "पंचवीस हजार सोडतो, मोजणीचा खर्च तुमचा." १६ लाख देतो म्हणून वर्षभर हप्ते पाडणाऱ्यापेक्षा साडेपंधरा एकरकमी देऊन महिन्यात खरेदीखत करणारा बहुतेक वेळा परवडतो.

'कागदावर कमी दाखवू, बाकी रोख घ्या'

ही बोली हमखास येते. घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क वाचतं आणि तुमचा कर वाचेल, असं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी तपासून बघा.

मुद्रांक शुल्क सौद्याची रक्कम आणि सरकारी दरानं येणारं मूल्य यात जे जास्त असेल, त्यावर लागतं. त्यामुळं रेडी रेकनरच्या खाली दाखवून घेणाऱ्याचं शुल्क वाचत नाही. त्याला खरंच बचत हवी असेल तर सरळ मार्ग आहे: राहतं घर घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात १ टक्का सवलत मिळते.

तुमच्या बाजूनं धोका मोठा. जागा-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे, आणि घेतले तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय सरकारी मूल्य सौद्याच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल, तर कर सरकारी मूल्यावर मोजला जातो. उदाहरणार्थ, सरकारी मूल्य १५ लाख असताना घर १४ लाखाला विकलं तर चालतं. १३ लाखाला विकलं तर हातात १३ येऊनही हिशेब १५ वर होईल. म्हणून खालचा आकडा ठरवताना रेडी रेकनर समोर ठेवा. गावातली शेतजमीन विकल्यावर बहुतेक वेळा हा कर लागत नाही, तशी सूट घराला नाही. मात्र दोन वर्षांपेक्षा जुनं घर विकून आलेला नफा ठराविक मुदतीत दुसऱ्या घरात घातला तर करात सवलत आहे. एकदा तालुक्यातल्या कर सल्लागाराला विचारा.

सौदा तोंडी नको

भाव जमला की पेढे वाटायच्या आधी लिखापढी करा. साध्या कागदावरच्या विसारपावतीवर थांबू नका. साठेखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवा. त्यात एकूण रक्कम, विसार किती, बाकी कधी आणि मुदत मोडली तर काय, हे स्पष्ट लिहा. नोटरी केल्यानं घर कुणाच्या नावावर होत नाही. आणि पुरे पैसे खात्यात आल्याशिवाय ताबा किंवा कुलमुखत्यारपत्र कुणाला देऊ नका, मग तो पाहुण्यांतला असला तरी.

आता पुन्हा त्या तीन माणसांकडं. थोरल्यानं कार्ड काढून आणलं, बहिणीशी बोलणं झालं, मिस्त्रीचा कागद हातात आला, तर १२ ला मागणारं गिऱ्हाईक साडेपंधरापर्यंत येऊ शकतं. नाही आलं, तर हात जोडून "नाही जमत" म्हणायला थोरल्याला राग लागणार नाही आणि धाकट्याला भीती वाटणार नाही. राहिली आई. घर तिचंही आहे. खालचा आकडा ठरवायला बसाल, तेव्हा पहिल्यांदा तिला विचारा.