पहारा कुणावर?

मंडळी, २०१६ साली तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी एक कल्पना मांडली होती. प्रत्येक गरोदर बाईच्या गर्भाचं लिंग तपासायचं, नोंदवायचं आणि मुलगी जन्मते की नाही यावर लक्ष ठेवायचं. ती बारगळली. पण "काय वाईट होतं त्यात?" असं चांगली शिकलेली माणसं अजूनही विचारतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

अहो, गर्भजल तपासणी आली ती आनुवंशिक आजार ओळखायला. तिचा धंदा डॉक्टरांनी केला. मुंबईत स्त्रीसंघटनांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे १९८८ मध्ये महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा झाला, केंद्राचा १९९४चा. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. कायदा राबवला नाही सरकारनं, आणि पहारा बाईच्या पोटावर!

पाचव्या महिन्यात आपोआप गर्भ पडला, तर तिनं खुलासा कुणाला द्यायचा? तलाठ्याला? आणि मुलगी आहे हे सासरी कळल्यावर पुढचे महिने तिनं कसे काढायचे?

गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे 'एफ' फॉर्म भरावा लागतो. ते आधी नीट तपासा. आमच्या नात्यातले डॉक्टर रागावतील, रागावोत.