रस्ता आहे, प्रवास नाही

‘कथा नसली तर नसो, अभिनय तर आहे ना?’ अलीकडच्या मराठी चित्रपटांच्या कैवारात हमखास पुढे केली जाणारी ही सबब आम्हांस मान्य नाही. ती खोडून काढण्यासाठी आम्ही दुबळे उदाहरण निवडत नाही. सतीश राजवाडे यांनी २०१० साली दिग्दर्शित केलेला लोकप्रिय ‘मुंबई-पुणे-मुंबई’च घेतो.

मुंबईची मुलगी सांगून आलेल्या स्थळाला नकार देण्यासाठी पुण्यास येते, एका अनोळखी तरुणाबरोबर दिवसभर शहर हिंडते आणि तो तरुण म्हणजेच ते स्थळ, असा अखेरीस उलगडा होतो. कथा एवढीच. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांनी केवळ संवादांच्या बळावर तो दिवस पेलला, हे नि:संशय अभिनयनैपुण्य होय. चित्रणही देखणे आहे. परंतु या भटकंतीत दोघांना गमवावे काय लागते? काहीच नाही. जे मनाजोगते तेच घरच्यांच्याही पसंतीचे निघते. वाटेने वाटसरूकडून काहीच मागून घेतले नाही, तर तो प्रवास नव्हे, फेरफटका.

कोणी म्हणेल, हलक्याफुलक्या करमणुकीवर एवढा भार कशाला? हलकेपणाशी आमचे भांडण नाही. राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) हसवतोच. परंतु रोजगारासाठी वणवण करणारा त्यातील नायक अंध मुलीला जीव लावतो, तेव्हा त्या जिव्हाळ्याचे मोल प्रेक्षकास उमगलेले असते. तेथे अभिनय कथेची उणीव झाकत नाही, कथाच पुढे नेतो.

दुर्गजवळील रसमड्यासारख्या ठिकाणी नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मंडळींना हा भेद विशेष जाणवतो. हावडा-मुंबई लोहमार्गावरील हे लहानसे स्थानक. नागपूर येथून सुमारे अडीचशे किलोमीटर. बदलीचा हुकूम येताच आमच्यापैकी कोणाच्या पत्नीची नोकरी सुटते, कोणाच्या मुलांची मराठी शाळा. ‘इतक्या लांब मुलगी द्यायची नाही’ या एका वाक्यावर जुळत आलेली लग्ने मोडतात. प्रेमाच्या आड रस्ता येतो तो असा. आणि पटकथाकाराला हवे असलेले नाट्यही तेथेच आहे.

मुंबई आणि पुणे यांच्यातील लोहमार्ग १९२ किलोमीटरांचा. त्यापलीकडेही मराठी माणसे प्रेम करतात, ताटातूट सोसतात. उत्तम नट लाभणे हे चित्रपटाचे भाग्य खरे. पण त्यांच्या हाती कथा देणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. ते चुकवणाऱ्यास रसिकांनी तरी माफी देऊ नये.